चौदा महिने अंधार

दारावर थाप पडली तेव्हा हेल्मी कोस्केला पांघरुणाची घडी घालत होती. घडी अर्धवट टाकून तिने पांघरूण, उशी आणि रात्रीचे कपडे नाटकातल्या राणीच्या पोशाखांच्या पेटीत कोंबले, झाकणावर बसली आणि श्वास रोखून ऐकत राहिली.

"हेल्मी, अगं उघड. थंडीनं नाक गळून पडायची वेळ आलीय माझी." मागच्या दाराबाहेरून बर्नीचा आवाज आला.

बर्नीच आहे म्हटल्यावर हेल्मी उठली. तिने कडी काढली. चौदा महिन्यांत या दारावर कितीदा थाप पडली असेल, पण एकदाही तिला त्याची सवय झाली नाही. कधी टपालवाला असे, कधी वाट चुकलेला बर्फगाडीवाला. दर वेळी तिला वाटायचं, आला अग्निशमन खात्याचा माणूस, आता विचारणार, बाई, ही खाट कुणाची?

खाट तिचीच होती. थिएटरच्या दोन नंबरच्या मेकअपच्या खोलीत हेल्मी राहत होती आणि हे रेडशाफ्ट गावात एका माणसालाही ठाऊक नव्हतं. पाइन स्ट्रीटवरचं भाड्याचं घर मालकाच्या पोराने सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांना विकलं; ते अजून राहायला आले नव्हते, म्हणून गावाला काही कळलं नव्हतं. त्याच आठवड्यात नॉर्थ स्टार थिएटरचं छप्पर गळायला लागलं आणि खेळ बंद पडले. छपराखालच्या बादल्या पहाटे कुणीतरी रिकाम्या करायलाच हव्या होत्या. दोन आठवडे काढू म्हणून ती किटली आणि दोन पिशव्या घेऊन आली, ती आलीच. नगरपालिकेच्या इमारतीत कर्मचारी मुक्काम करताना सापडला तर नोकरी जाते, हे तिच्या नेमणुकीच्या कागदावरच लिहिलेलं होतं. अडतीस वर्षांची नोकरी होती ती. दिवे लावायचे, दोर ओढायचे, झाडलोट करायची, आणि आता फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन पाहणी करायची.

"इतक्या सकाळी इथं कशाला आलीस गं?" बर्नी आत येत बोटांवर फुंकर घालत म्हणाली. "मी तुला घरी फोन करून दमले."

"बादल्या बघायला आले." हेल्मीने तिच्याकडे न बघता सांगितलं. "घरचा फोन बंद केलाय मी. खर्च नको उगीच."

बर्नी ट्रेगिअर शाळेतून निवृत्त झालेली बाई. थिएटर वाचवायची मोहीम तिनेच उभी केली होती. तिने चौकाचौकात पाट्या लावल्या, चर्चच्या तळघरात मांस-बटाट्याचं सारण भरलेल्या पेस्ट्या विकल्या आणि एकवीसशे सह्या गोळा केल्या. गावात माणसं अठराशे. उरलेल्या तीनशे कुठून आल्या ते तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

"आजच्या सुनावणीची तुझी तीन वाक्यं पाठ झाली ना?" तिने विचारलं.

"झाली."

"म्हण बघू."

"फॉर्म मी भरला. आमच्या धंद्यात अंधार म्हणजे खेळ नाही. इमारत ओस पडलीय असा त्याचा अर्थ होत नाही." तिने बर्नीचा हात धरला. "बर्नी, तूच बोल ना माझ्या वतीनं. माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी जन्मभर पडद्यामागं उभी राहिलेली बाई."

"फॉर्म माझ्या हातचा असता तर मीच बोलले असते. करून ठेवलंस तू, निस्तरायचं पण तूच." बर्नी म्हणाली आणि मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने स्वतःचा मफलर काढून हेल्मीच्या गळ्यात अडकवला.

करून ठेवलं होतं खरं. या महिन्याच्या सुरुवातीला नगरपालिकेचा वार्षिक फॉर्म आला. इमारतीची सध्याची स्थिती, असा रकाना होता. हेल्मीने सुबक अक्षरात लिहिलं, चौदा महिने अंधार. रंगभूमीवरची माणसं असंच बोलतात. आज खेळ नसला की म्हणायचं, आज अंधार. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. पण नगरपालिकेच्या वकिलाने तोच कागद उचलला. इमारत सलग बारा महिने विनावापर राहिली तर तिचं जुन्या वास्तूचं संरक्षण संपतं, असा नियम होता. संरक्षण संपलं की ती पाडून तिथे गाड्या उभ्या करायला पटांगण करता येणार होतं.

सुनावणी दुपारी दोनला होती. सभागृह गच्च भरलं होतं, लोक भिंतीला टेकून उभे होते, ओल्या बुटांचा वास सुटला होता. भिंतीवरच्या पडद्यावर हेल्मीचं अक्षर हातभर मोठं करून लावलेलं. मागच्या मागे निघून जावं असं तिला मनापासून वाटलं, पण बर्नीने तिच्या कोटाची बाही धरून ठेवली होती.

अध्यक्ष क्लाइड पेंगेली म्हणजे गावचा गॅरेजवाला. त्याने नाव पुकारलं तेव्हा हेल्मी माइकपर्यंत कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही.

"नोंदीसाठी नाव आणि राहण्याचा पत्ता सांग," क्लाइड म्हणाला. इथे बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगावं लागतं. चिटणीस आर्लीन ते टंकून घेते, मगच पुढचं बोलणं ऐकतात.

तीन वाक्यं पाठ होती. पण या प्रश्नाचा विचार ना बर्नीने केला होता, ना हेल्मीने.

"हेल्मी कोस्केला," ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

क्लाइडने जरा वाट बघितली. मग तो हसून म्हणाला, "घाबरलीय बिचारी. लिही गं आर्लीन, बारा, पाइन स्ट्रीट. एवढी वर्षं गाडी दुरुस्त करून तिथंच सोडायचो मी." लोक हसले. आर्लीनच्या बोटांनी टकटक केली आणि पत्ता नोंदला गेला. सुटले, असं हेल्मीला वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

तिने तीन वाक्यं म्हणून टाकली. आवाज चिरकला, पण म्हटली.

वकील उठला. पोरगेला, सभ्य माणूस. "बाई, खेळ नव्हते, मान्य आहे. पण मग आत काय चालत होतं?"

"मी जात होते की."

"आठवड्यातून दोनदा. बरोबर?" त्याने हातातला कागद बघितला. "पाहणी म्हणजे वापर नव्हे. नियमात स्पष्ट आहे, तिथं रोज कुणीतरी काम करत असलं पाहिजे नाहीतर राहत असलं पाहिजे. तसं कुणी होतं का?"

बर्नीने मान खाली घातली. एकवीसशे सह्यांपैकी एकही इथे उपयोगाची नव्हती. हेल्मीच्या डोळ्यांसमोर खाट आली, नेमणुकीचा कागद आला आणि बाहेरचा बर्फ आला. गप्प राहा, तिच्या मनाने तिला बजावलं, जाऊन बस. पाठीमागे कुणीतरी खुर्ची सरकवली, म्हणजे लोक उठायलाही लागले होते.

"क्लाइड," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "तो पत्ता चुकीचा लिहिलाय. खोडायला सांग."

"मग कुठं राहतेस?"

"सत्तेचाळीस, क्वार्ट्झ स्ट्रीट."

आर्लीनने दोन आकडे टंकले आणि बोटं थांबवून वर बघितलं. "अगं, हे तर थिएटर आहे."

"हो. दोन नंबरची मेकअपची खोली."

"कधीपासून?" वकिलाने विचारलं. त्याच्या तोंडून प्रश्न निघून गेला आणि मग तो काय विचारून बसला ते त्याच्या लक्षात आलं.

"चौदा महिने झाले," हेल्मी म्हणाली. "एक दिवससुद्धा खाडा नाही. बादल्या मोजून चोवीस आहेत. नळ गोठू नयेत म्हणून पहाटे पाणी सोडते. पाहिजे तर खाट येऊन बघा."

कुणी हसलं नाही. क्लाइडने चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी वकिलाने कागद गोळा केले आणि पाडकामाचा ठराव मागे घ्यावा लागेल असं हळू आवाजात सांगितलं.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हेल्मी आयुष्यभर टाळ्या ऐकत आली होती, त्या नेहमी पडद्याच्या पलीकडून यायच्या. आता कुठे बघायचं ते तिला सुचेना, म्हणून ती माइकच्या दांड्याला धरून उभी राहिली.

टाळ्या थांबल्यावर क्लाइड म्हणाला, "हेल्मी, मला हे बोलणं भाग आहे. आजपासून तिथं कुणी राहायचं नाही. किल्ली आर्लीनकडं देऊन जा. नोकरीचं पुढच्या बैठकीत बघावं लागेल." बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"कळलं," हेल्मी म्हणाली. आता तिला भीती वाटत नव्हती, नुसतं थकल्यासारखं झालं होतं.

लोक पांगले तेव्हा बर्नी तिच्यापाशी आली. डोळे लाल झाले होते. "मला सांगायला काय झालं होतं तुला? मेले नव्हते मी."

"तू मला घरी नेलं असतंस."

"नेलंच असतं."

"मग बादल्या कुणी बघितल्या असत्या?"

बर्नीने नाक पुसलं.

हेल्मीने कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढून आर्लीनच्या टेबलावर ठेवली. आर्लीनने पावती लिहिली, शिक्का मारला आणि नवा कागद यंत्रात घातला.

"निकालाची प्रत साक्षीदाराला टपालानं पाठवतो आम्ही," ती म्हणाली. "आजपासूनचा पत्ता सांग."

बर्नीने तोंड उघडलं, पण हेल्मीने तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती आर्लीनला म्हणाली. "मी येऊन घेऊन जाईन."