बिनखिळ्याची खोली

मी हातोडा बोलतोय. ऐकायचं तर नीट ऐका, मला दोनदा सांगायची सवय नाय.

माझं डोकं खुलताबादच्या लोहारानं घडवलं, दांडा बाभळीचा. मालक कडुबा. त्यांच्या शेतातला गोठा माझ्याच जिवावर उभा राहिला. आता म्हातारा-म्हातारी शहरात, मुकुंदवाडीत लेकाकडं राहतात आणि मी जिन्याखालच्या डब्यात. काम काय, तर नारळ फोडायचा.

परवा टेम्पोतून लाकडी फळ्यांचे गठ्ठे अन् काही खोकी आली. बागेत खोली उभी करायची म्हणे. सगळं कापूनच आलेलं, नुसतं जोडायचं. कडुबांनी मला काढलं, पुसलं. मीही तयार. पण सगळी खोकी धुंडाळली तरी खिळा एक नाय! एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसवायची. असलं घर वाऱ्यात टिकतं कसं? मला तर बघायचंच होतं.

कडुबांना दुसराच घोर. "ही खोली माझ्यासाठी," ते पुटपुटले. "रात्रभर खोकतो ना मी. म्हातारा बागेत काढला की घर मोकळं." विचारलं मात्र कुणालाच नाय. आतल्या आत जळत बसले.

सून अपेक्षानं बजावलं होतं, फळ्या सावलीत, सपाट ठेवा. एवढं सांगून ती आत ऑफिसच्या कामाला बसली. पण आमच्या म्हातारीच्या, मनकर्णाबाईंच्या घरात गहू येवो की गादी, ऊन दाखवल्याशिवाय आत जात नाय. म्हातारीनं प्लास्टिक फाडलं अन् वाळवणासारख्या फळ्या अंगणात मांडल्या. इथलं मे महिन्याचं ऊन! दुपारपर्यंत फळ्या पापडागत वाकल्या.

"आत्या, हे काय केलंत!" अपेक्षा सासूकडं धावत आली.

"अगं, नव्या लाकडात किडा असतो. ऊन दाखवलं जरा."

कडुबा मिशीत हसले. "लई बरं झालं. आता नाय उभी राहत माझी कोठडी."

"तुमची?" अपेक्षा गर्रकन वळली. "मामा, ती माझी खोली! तुम्ही मोबाईलवर कीर्तन लावता, ते पार आमच्या साहेबांपर्यंत जातं. काल मिटिंगमधे विचारलं त्यांनी, आज एकादशी आहे का म्हणून. परत आवाज आला तर घरून काम बंद, पुण्याला येऊन राहा म्हणालेत."

हसू मिशीतच अडकलं. म्हाताऱ्याला कुणी घराबाहेर काढत नव्हतं. म्हाताऱ्यापायी सूनच बाहेर चालली होती.

"मग मला बोलली का नाय?"

"तुम्हाला? आवाज कमी करा म्हणून? कुणाची छाती आहे?"

मनकर्णाबाई पदराआड हसल्या.

अपेक्षानं कंपनीला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, फळ्या सावलीत घ्या, खोलगट अंगाला ओलं पोतं टाका, वर वजन ठेवा. सरळ झाल्या तर झाल्या.

कडुबा उठले. फळ्या सावलीत रचून ओलं पोतं टाकलं. वर ठेवायला पाटा आणला, ज्वारीचं पोतं ओढत आणलं. तरी एक कोपरा उचललेलाच राहिला, तेव्हा धोतर सावरून स्वतःच ढिगावर चढून बसले. मोबाईल काढला, आवाज पार खाली केला अन् कानाला लावून ऐकू लागले.

"हलू नका हं," म्हातारी म्हणाली.

"चहा तेवढा आण," ते म्हणाले. हळू आवाजात. मी दचकलोच.

मलाही शेजारी ढिगावर ठेवलंय. खिळा नसला तर नसला, माझं वजन तर आहे. खाली लाकूड मधूनच कुरकुरतं. सरळ होतंय की तडकतंय, मला कळत नाय. उद्या पोतं उचललं की समजेल. तुम्हीही या बघायला. फक्त फाटकातून हाका मारू नका, आत सून कामाला बसलीय.