दोन टकटक, मग एक

बडोद्याला समुद्र नाही, याचं दुःख बडोद्यातल्या कुणालाच नाही. देवेंद्रला मात्र होतं. बाजव्याजवळच्या कारखान्यात पाइप जोडता जोडता त्याचं अर्धं आयुष्य गेलं, आणि उरलेल्या अर्ध्यात त्याला समुद्र हवा होता. बायको उत्कर्षा शाळेत विज्ञान शिकवायची. मग काय, दिवाळीच्या सुट्टीत या गड्याने तिच्या सातवीच्या वर्गातच समुद्र आणून ठेवला. चार फुटी काचेची टाकी, पंप, गाळणी, निळा दिवा. मीठ पोत्याने आलं. प्रवाळ आणि दगड पाणीगेटला शोभेच्या माशांचं दुकान असलेल्या पीयूषभाईंकडून आले, परवान्याच्या कागदांसकट. सगळ्यात मोठा, भोकाभोकांचा दगड देवेंद्रने खांद्यापर्यंत हात बुडवून स्वतः बसवला आणि म्हणाला, "हा आता हलवायचा नाही हं. याच्यावरच सगळा डोलारा आहे."

मासे आले तशी मुलांनी बारशी उरकून घेतली. नारिंगी जोडीतली थोराड मादी जलेबी, तिच्या मागेमागे करणारा नवरा फाफडा, आणि एक निळी, सदा रुसलेली, ती नीलमबेन. या तिघांपुढे उत्कर्षाच्या शिकवण्याकडे कोण लक्ष देणार!

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, देवेंद्र गच्चीवर फिरकी धरून उभा होता. दमल्यासारखा खाली बसला आणि उठलाच नाही. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. उत्कर्षाला त्यापुढचं काही ऐकू आलं नाही.

दिवसकार्य उरकून ती शाळेत आली. टाकीचं पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं; म्हणून वरून गोडं पाणी घालत राहावं लागतं. शाळा सकाळची. मुलं घरी गेल्यावर दुपारी ती एकटीच मगाने पाणी घालत होती, तेवढ्यात वाजलं. टक टक. जरा थांबून, टक.

"आले, आले," ती बोलून गेली आणि दाराकडे धावली. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

पहिल्या पाळीवरून देवेंद्र याच सुमाराला घरी यायचा. त्याची आई, उषाताई, तेव्हा दुपारच्या झोपेत असायच्या. घंटा वाजली की त्या दचकून उठायच्या, म्हणून तो बोटाच्या पेरांनी दार वाजवायचा. दोनदा, मग थांबून एकदा. लग्न झाल्यापासून उत्कर्षाने हाच आवाज ऐकून दार उघडलं होतं. आता ती उघड्या दारात उभी होती आणि आवाज पाठीमागून येत होता, पाण्यातून.

ती भोळी नव्हती. प्राणिशास्त्र शिकलेली बाई. टॉर्च घेऊन वाकली, तर त्या मोठ्या दगडाच्या भोकातून दोन डोळे तिच्याकडे बघत होते, देठांवर बसवल्यासारखे. मॅन्टिस कोळंबी. दगडात लपून आलेली. पुढचे दोन पाय हातोडीसारखे मारून ती शंख फोडते, खेकडे फोडते, माशालाही सोडत नाही. हे सगळं उत्कर्षाला पाठ होतं. त्याच दिवशी दगड बाहेर काढायला हवा होता, हेही तिला कळत होतं. पण तो दगड देवेंद्रने हाताने बसवला होता. आणि रोज, त्याच वेळी, दोनदा आणि मग एकदा? हे मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मग ती रोज थांबू लागली. घरी उषाताई जेवायला खोळंबायच्या. सून जादा तासाचं कारण सांगायची. रिकाम्या वर्गात टाकीजवळ खुर्ची ओढून ती बसे, आवाज झाला की हळूच "आले" म्हणे, आणि दिवसभराचं सगळं सांगे. आईंचं गुडघ्याचं दुखणं, गॅसचा नंबर, फिरकीला अजून तसाच गुंडाळलेला मांजा. काचेवर हात ठेवला की ठोका तळव्यात जाणवायचा. त्या थरथरीसाठी ती सकाळपासून आसुसलेली असायची.

अशा गोष्टी लपतात थोड्याच! वर्गात भूत आहे, अशी मुलांत कुजबुज सुरू झाली. शिपाई सुभानरावांनी टाकीवर लिंबू-मिरची बांधली. लिंबू पाण्यात पडलं तर भुताआधी मासेच मरतील, म्हणून उत्कर्षाने ती सोडवली. सुभानराव मान हलवत म्हणाले, "बाई, तुम्ही इथे एकट्या बसत जाऊ नका. जागा चांगली नाही."

आधी गोगलगाई गेल्या. वाळूवर नुसते फुटके शंख. मग एका सकाळी नीलमबेन दिसेना.

"आजारी होती," उत्कर्षाने मुलांना सांगितलं. खोटं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

टाकीची जबाबदारी आभाकडे होती. वेणीचं टोक चावत कमी बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "पण टीचर, काल तर सरस, पोटभर खाल्लं तिने."

उत्कर्षाने फळ्याकडे तोंड फिरवलं. त्या दुपारी टकटक झाली तेव्हा ती काचेला कपाळ टेकून म्हणाली, "असं नको ना करू." जणू देवेंद्रनेच ते केलं होतं.

नंतरच्या सोमवारी फाफडा नव्हता. दगडाच्या पायथ्याशी नारिंगी शेपटीचा एक तुकडा तेवढा हलत होता. मुलं रडली. जलेबी मात्र फाफडा रात्री झोपायचा त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. खाणं टाकलं तरी हलली नाही. मंगळवारीही तिथेच, बुधवारीही तिथेच.

आभा काचेला नाक लावून बघत होती. "टीचर, तिला कोणी सांगितलं असेल का, तो गेला म्हणून?"

उत्कर्षाने आपल्या रोजच्या खुर्चीकडे पाहिलं. आणि तिला स्वतःला कुणी सांगितलं होतं? सगळ्यांनी सांगितलं होतं. तरी ती इथे येऊन बसतच होती, आणि तिच्या या बसण्यापायी फाफडा गेला होता.

"आभा, बादली आण," ती म्हणाली.

टाकीचं पाणी बादलीत भरून घेतलं. तिने खांद्यापर्यंत हात घातला, जिथे देवेंद्रने घातला होता तिथेच, आणि दगड उचलला. डोलारा कोसळला. प्रवाळ आडवं झालं, वाळूचा गढूळ लोट उठला. दगड बादलीत ठेवताच आतून ठोके बसू लागले, तिच्या हातातल्या कडीपर्यंत. टक टक. टक. कुणीतरी दार उघड म्हणत होतं, आणि ती झाकण दाबून बसली होती. वर्गासमोर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आभाने भोकातले डोळे बघितले होते. ती हळूच म्हणाली, "टीचर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," उत्कर्षा म्हणाली.

 आभा बाकावर जाऊन बसली आणि वही उघडून खाली बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शाळा सुटायच्या वेळी पीयूषभाई बादली न्यायला आले. "उत्कर्षाबेन, चिंता ना करो. एने अलग टाकीमां राखीश." तिला वेगळ्या टाकीत ठेवायचं कबूल करून, स्कूटरवर पायांशी बादली ठेवून ते गेले. फाटकापर्यंत तिला ठोके ऐकू येत राहिले. की तसा नुसता भास झाला, कोण जाणे.

वर्ग रिकामा झाला. देवेंद्रच्या येण्याची वेळ आली आणि गेली. पंपाची घरघर तेवढी चालू होती. ही शांतता तिने स्वतःच्या हाताने आणली होती आणि ती तिला सोसवत नव्हती. पाणी निवळत आलं तसा कोपरा दिसू लागला. जलेबी अजून तिथेच उभी होती.

उत्कर्षाने चिमूटभर खाणं टाकलं. "ये गं बाई. गेलं ते आता. ये." जलेबी हलली नाही. तिला बोलवावं म्हणून उत्कर्षाने बोटाची पेरं काचेवर वाजवली, विचार न करता, हाताला सवय होती तशी. दोनदा. थांबून, एकदा.

जलेबी उसळली. काचेवर आपटली, पडलेल्या प्रवाळाला घासून गेली आणि पंपामागच्या फटीत शिरून थरथरत राहिली.

उत्कर्षाने हात मागे ओढला आणि पदरात गुंडाळून धरला. 

"नाही वाजवणार," मग ती म्हणाली. "आता कोणीच नाही वाजवणार."