अर्धा फोटो

आदेलिनुने गळ्यातला टाय ओढून काढला आणि पलंगावर भिरकावला.

"मी येत नाही. जा तू, वाच तुझी कविता."

ग्रासिन्दाने टाय उचलला. आज दहा जून, पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस. गावच्या सभागृहात कविता वाचायचा मान यंदा तिला मिळाला होता. लिस्बनमध्ये तिची पुस्तकं निघत होती, पण या डोंगरातल्या गावाला ती अजून आदेलिनु गवंड्याचीच पोर होती.

"बाबा, त्यात तुमचं नाव नाहीये."

"नाव कशाला हवं? अर्धा फोटो म्हटलं की गाव ओळखतंय. आजच्या दिवशी जहाजांवर लिहावं, शूरवीरांवर लिहावं. मी चोरासारखा पळालो होतो, पोरी. त्यात मिरवायचं काय?"

"आपल्या गावातून कधी एक तरी जहाज निघालं का? माणसं निघाली. तीही पायी."

त्याने हनुवटी वर केली आणि टाय बांधू दिला.

सभागृहात पंचायतीचे प्रमुख वेनान्सिउ यांनी भाषणात सगळा महासागर पालथा घातला. मग ग्रासिन्दा उठली. तिच्या कवितेत समुद्र नव्हताच. परवानगीशिवाय देश सोडणं गुन्हा होता, तेव्हाची ती कविता. फ्रान्सला निघालेला एक माणूस स्वतःचा फोटो मधोमध फाडतो. अर्धा बायकोच्या हाती देतो, अर्धा आपल्या खिशात ठेवतो. तो सुखरूप पोचला की खिशातला तुकडा वाटाड्याबरोबर घरी येणार. दोन्ही तुकडे जुळले, तरच वाटाड्याला त्याचे पैसे मिळणार.

पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या हातातले पंखे थांबले. आदेलिनु मान खाली घालून बसला होता. ग्रासिन्दाने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि पुढची ओळ वाचली.

"गुडघाभर बर्फातून तो डोंगर ओलांडतो..."

"साफ खोटं!"

सगळं सभागृह वळलं. आदेलिनु उभा होता, लालबुंद होऊन.

"गुडघाभर कुठला? कमरेइतका होता! आणि त्यातून मी चाललोय. ह्या, ह्या दोन पायांनी!"

"अहो आदेलिनु, बसा की," वेनान्सिउ चुळबुळले. "कार्यक्रम चालू आहे."

"माझाच तर चाललाय!"

मागे हशा पिकला. म्हातारी देओलिन्दा मात्र हसली नाही.

"बोलू द्या हो त्याला," ती म्हणाली. "आमचे हेही त्याच बर्फात होते."

ग्रासिन्दाला वडिलांचा इतका अभिमान वाटला, की क्षणभर तिला कागदावरची अक्षरंच दिसेनात. तिने पेन काढलं, एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

"हं, पुन्हा वाच आता," आदेलिनु म्हणाला.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. तो खाली बसला नाही. मागच्यांना व्यासपीठ दिसेनासं झालं होतं, तरी कविता संपेपर्यंत त्याला कोणी बस म्हणालं नाही.