किकवरचा भार

अंगदनं इंजिनाच्या वरच्या नटाला पाना लावला आणि मागून त्याच्या पाठीत लाथ बसली. तो तोंडानंच फटफटीवर आदळला. ओठ फुटला.

"कुणाला इचारून खोलतो बे?" त्याचा बाप, रामकिसन, कमरेवर हात ठेवून उभा होता. "आज खंडेनवमी हाय. पूजेच्या आदी हत्याराचं पोट फाडतो व्हय?"

"आबा, गेल्या म्हैन्यात जाम झालती ही. मायचा हात मोडला."

खोटं नव्हतं ते. नेकनूरच्या बाजारातून येताना उतारावर इंजिन एकाएकी आवळलं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि मागं बसलेली त्याची आई, विमलबाई, डांबरावर दहा हात फरफटत गेली. मनगट मोडलं. प्लास्टर निघून चारच दिवस झाले होते. अर्ध्या तासानं इंजिन थंड झाल्यावर ही बया परत चालू झाली, काही घडलंच नाही अशी. पण तेव्हापासून चढाला दम नाही, मागं पांढऱ्या धुराचा लोट, आणि आत पिस्टनची सारखी टकटक. दसरा झाला की टोळीचा ट्रक ऊसतोडीला निघणार होता. फटफटीही ट्रकावर चढणार होती. तिकडं फडापासून पिण्याचं पाणी चार किलोमीटरवर. रोज पहाटे पुढं अंगद आणि मागं कॅन धरून विमलबाई, हे ठरलेलं. अंगदला आई पुन्हा रस्त्यावरून गोळा करायची नव्हती.

"मिस्तरी म्हणला, पिस्टनवर ओरखडे पडले असतील. परत आवळंल म्हणला."

"मिस्तरी गेला खड्ड्यात. इंजन कवा खोलायचं ते किक सांगती. सरक."

हा त्या घरचा कायदा होता. दर खंडेनवमीला, हळदीकुंकू लावायच्या आधी, रामकिसन किकवर दोन्ही पायांनी उभा राहायचा आणि विमलबाई दहापर्यंत आकडे म्हणायची. दहा होईपर्यंत किक खाली बसली नाही तर इंजिनात जीव आहे, वर्षभर कुणी पाना लावायचा नाही. बसली तर खोलायचं. पंचवीस वर्षांत दोनदा इंजिन खोलून बोअर करून घेतलं ते असंच, एकदा पाचाला बसली म्हणून आणि एकदा चाराला. रीत काही अडाणीपणाची नव्हती. इंजिनात दाब किती उरलाय ते चांगला मिस्तरीही किकवरच जोर देऊन बघतो.

"म्या ऱ्हातो उभा," अंगद ओठाचं रक्त पुसत म्हणाला.

"म्या मेल्यावर ऱ्हा."

रामकिसन चढला. हँडल धरलं, दोन्ही पाय किकवर ठेवले आणि अंग सोडून दिलं.

"एक... दोन... तीन..." विमलबाई मोजू लागली. तिनं मोडका हात पदराखाली धरला होता. "सात... आठ..."

किक बोटभरही खाली आली नाही. दहा झाले. रामकिसन हट्टानं पंधरापर्यंत उभा राहिला आणि मग उतरून त्यानं अंगदच्या तोंडापुढं हात नाचवला.

"बगितलंस? पोलाद हाय पोलाद! आण गं हळद."

अंगदला कळेना. टकटक तर त्यानं कानांनी ऐकली होती. पण त्या क्षणी त्याला किक दिसत नव्हती, डांबरावरची आई दिसत होती. तो वाकला, पाना उचलला आणि नटाला लावून पिळला. नट करकरला.

पूजेसाठी धुऊन ठेवलेले कोयते भिंतीशी उभे होते. रामकिसननं एक उचलला आणि त्याची पाठ पोराच्या हातावर हाणली. पाना उडून उकिरड्याकडं गेला. दुसरा घाव खांद्यावर आला, आणि या वेळी कोयता हातात फिरून धार पुढं आली होती. सदरा फाटला, रक्त आलं.

"आवं, मारताव का लेकराला!" विमलबाई मध्ये धावली. रामकिसननं तिला कोपरानं ढकललं आणि ती मोडक्या मनगटावरच पडली. ती अशी ओरडली की शेजारचा सटवा हातातली बादली टाकून कुडापाशी आला.

मग अंगदचं डोकं फिरलं. बापाला आपटायचंच, एवढंच डोक्यात. त्यानं कोयता हिसकून फेकला, रामकिसनच्या कमरेला विळखा घातला आणि सगळी ताकद लावून उचललं.

ताकद लागलीच नाही. बाप असा भसकन वर आला की अंगदच मागं झोकला गेला. सोयाबीनचं पोतं याहून जड असतं. दोन सदऱ्यांच्या आत बरगड्या हाताला एकेक लागत होत्या. उन्हाळ्यात रामकिसननं कावीळ काढली होती, दोन महिने बाजेवर होता. उठला तेव्हापासून आवाज तोच, शिव्या त्याच, म्हणून घरात कुणी नीट बघितलंच नव्हतं. इंजिनात काही जीव आला नव्हता. किकवरचा माणूस अर्धा झाला होता.

अंगदनं बापाला आपटलं नाही. बाजेपर्यंत नेलं आणि अलगद ठेवलं.

रामकिसन बाजेवर बसून राहिला. त्यानं एकदा पोराच्या हातांकडं, एकदा किककडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला. तो उठला, अंगदपाशी गेला आणि काडकन मुस्काटात दिली.

"हळू कावून ठेवलंस बे मला?"

अंगद मागं सरकला.

दुसरी बसली. "आपटायचं व्हतं! मायला पाडलं म्या तुझ्या, आपटायचं व्हतं! हळू ठिवतो? तान्हं पोर हाय म्या?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या पाण्याचाच त्याला जास्त राग येत होता. "ए सटव्या, काय बगतो रं? तमाशा लागलाय हितं?"

सटवा बादली घेऊन गुमान गेला. विमलबाई मनगट पोटाशी धरून उठली. रामकिसननं तिच्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली.

"लई लागलं का गं?"

तिनं मनगट पदरात गुंडाळलं.

रामकिसन उकिरड्याकडं गेला, पाना शोधून आणला आणि अंगदच्या पायाशी टाकला.

"खोल."

"पूजा?"

"खोल म्हणलं ना!"

अंगद बसला. खांद्यातून रक्त ठिबकत होतं. गाडी हलू नये म्हणून रामकिसननं हँडल दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले. अंगदनं पान्याला हिसका दिला तशी गाडी बापासकट हलली. दुसऱ्या हिसक्याला परत हलली. अंगदनं मान वर केली. नीट धरायला बापात जोर नव्हता, हे दोघांनाही कळलं होतं. विमलबाई दोघांकडं बघत होती.

"धरा की नीट!" अंगद एकदम खेकसला. "भाकर खाल्ली न्हाई का सकाळी? का माझ्याच जिवावर सोडलंय सगळं?"

"तुझ्या मायला तुझ्या! तू हिसकं हळू दे की, भाड्या!" रामकिसन तेवढ्याच जोरात ओरडला, आणि त्यानं हँडल पुन्हा घट्ट आवळलं.