पिळाचा रीमर

रंगरावांनी शिकंज्यात आवळलेल्या चाकाच्या भोकात ते मापाला आणणारा रीमर टेकवला आणि दांडीला पहिला फेरा दिला, तेवढ्यात अश्विनी बोललीच.

"काका, सरळ दात्याचा नका घालू. आत शाफ्टच्या चावीची खाच हाये. दाता तिच्यात पडन."

रंगरावांच्या त्या वरवट बकालच्या वर्कशॉपात ती आठ महिने लोखंडाचा कीस झाडत होती. आयटीआयची फिटर, वर्गात पहिली. पोरीनं हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. म्हणून तो खोडताही येत नव्हता.

बाकड्यावरचे किसनराव हसले. चाक त्यांच्याच थ्रेशरचं होतं. कंपनी कधीच बुडाली, दुसरं चाक मिळणार नव्हतं आणि सोयाबीन खळ्यात पडून होतं.

"घ्या रंगराव. आता पोरी शिकवतीन तुमाले."

"तीस वर्सं झाले मले," रंगराव म्हणाले आणि दुसरा फेरा दिला.

कट्ट. रीमर अडकला. त्यांनी दांडी उलटी फिरवायला घेतली, तशी अश्विनीनं त्यांचं मनगटच धरलं.

"उलटा नाही. धार बी जाते न भोक बी जाते. पुढंच फिरवत वर काढा."

रंगरावांनी तिचा हात पाहिला, मग ऐकलं. भोकाच्या तोंडाशी ओरखडा उठला होता. मापाला केसभर धातू शिल्लक होता. चूक करायला आता जागा नव्हती.

त्यांनी दांडी सोडली. अश्विनीनं विचारलं नाही. तिनं पिळाच्या दात्यांचा रीमर घेतला. त्याचा दाता खाचेवरून तिरपा जातो, आत पडत नाही. तेल सोडलं आणि एकाच दिशेनं, एकाच दाबानं ती फिरवत राहिली. किसनराव बाकड्यावरून उठून जवळ आले होते.

शाफ्ट घातला. तो आपल्याच वजनानं सावकाश खाली उतरला.

"हात हाये बरं तुमचा, रंगराव," किसनराव तिच्याकडे न बघताच म्हणाले.

अश्विनी हात पुसत बाजूला झाली.

"माहा नाही," रंगराव म्हणाले. "माह्या हातानं तर तुमचं चाक भंगारात चाललं होतं."

त्यांनी कपाटातून पत्र्याची पेटी काढून बाकावर पालथी केली. निमुळते, आखूड, स्क्रूनं माप बदलणारे, वीसेक रीमर निघाले. अर्धे कधी वापरलेच नव्हते. मग पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि स्वतः उभे राहिले.

"सांग, कोणता कशाले. हळू सांग. किसनरावले बी ऐकू दे."