शून्य नसलेला कोन

सबिना सातव्यांदा माझ्या दारात उभी राहिली तेव्हा माझं डोकंच फिरलं. तोच प्रबंध, तोच चौथा भाग. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत माझी सही झाली नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती आणि सहा वर्षं पाण्यात जाणार होती. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण चुकीच्या गणितावर सही करू कशी?

"अगं, किती येळा सांगू? कोन शून्य हाय. माझा प्रोग्राम सांगतोय की."

आमच्या विभागात रीतच आहे. कुणाचंही उत्तर आधी सरांच्या प्रोग्राममधून काढायचं, जुळलं तरच सही. सर म्हणजे मी. बावीस वर्षांपूर्वी मी तो लिहिला आणि त्याच्या जोरावर पेपर छापला: हिल्बर्ट अवकाश नावाच्या अमूर्त गणिती जागेतल्या अमुक दोन उपअवकाशांत एक दिशा सामाईक आहे, म्हणून त्यांच्यातला सर्वांत लहान कोन शून्य. आणि रोज जयसिंगपूरहून एसटीनं येणारी ही पोरगी मलाच सांगत होती की सामाईक काही नाही, कोन अगदी बारीक आहे, पण आहे.

"सर, तुमचा प्रोग्राम आधी कोसाइन काढतो. एवढ्या बारीक कोनाचा कोसाइन एकाच्या इतका जवळ असतो, की मशीनच्या सोळा आकड्यांत तो फरक मावत न्हाय. मशीन सरळ एक धरतंय आणि कोन शून्य सांगतंय. त्यापेक्षा साइन काढून बघा, बारीक कोनाचा साइन जवळपास त्या कोनाएवढाच असतो, तो मशीनला दिसतोय. एवढंच बदलायचं हाय."

"मला शिकवालीस व्हय?"

ती दारातून हलली नाही. तिचा नाद एकदाचा मिटावा म्हणून मी चिडूनच तो बदल केला आणि प्रोग्राम चालवला. एका रेडियनचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले तीन, एवढा कोन आला. मी तीनदा चालवून बघितलं. शून्य काही येईना. आता राग कुणावर काढावा तेच सुचेना, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली.

"हे तुला कुणी सुचवलं?"

"केरबादादांच्या वहीत हाय. विभागाच्या कपाटात सापडली. तुम्हाला दाखवलीती म्हणं त्यांनी."

दाखवली होती. आठ वर्षांपूर्वी केरबा माझ्याकडेच पीएचडी करत होता. त्याचं उत्तर प्रोग्रामशी जुळलं नाही म्हणून मी ती वही उघडलीसुद्धा नाही. तो शिक्षण सोडून गगनबावड्याला गावी गेला. पोरगा कच्चा होता, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय.

मी सबिनाच्या प्रबंधावर सही केली. "त्याचा नंबर दे. मी बोलतो त्याच्याशी."

सबिना कागद पिशवीत भरत होती. "मी गेल्या महिन्यात फोन केलता, सर. 'दादा, तुमचंच उत्तर बरोबर येतंय' म्हणून त्यांना सांगितलं. ऐकंनातच. म्हणाले, सरांचंच बरोबर असंल, माझंच गणित कच्चं हुतं."