बाबांनी घातलेली वेणी

पार्लरवालीच्या हाताखालून कितीतरी नवऱ्या सजून गेल्या, पण तिच्या स्वतःच्या पोरीच्या केसांतून महिनाभर कंगवा फिरला नव्हता. गिऱ्हाइकं हसत, "दिव्याखाली अंधार!" ती मुकाट्यानं कात्री चालवत राही. सांगणार काय, आणि कुणाला?

त्या पोरीची, ठकीची, वेणी बाप घालायचा. रात्रपाळी करून तो घरी यायचा, तोवर आई पार्लर झाडायला गेलेली. त्याला एकच वेणी जमायची, तीही एका बाजूला कललेली, खाली भाजीच्या जुडीचं रबर. शाळेचा नियम दोन वेण्यांचा, रिबिनीसकट. त्यापायी ठकी रोज आधी एका हातावर, मग दुसऱ्या हातावर पट्टी खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच जायची. बापाला तिनं कधी कळू दिलं नाही. आईला ठाऊक होतं. शाळा म्हटली की एवढं चालायचंच, असं तिला वाटे. मग एका सकाळी वेणी घालून बाप झोपला तो उठलाच नाही. ती वेणी ठकीनं कुणाला सोडू दिली नाही.

अभ्यास बुडाला, उलट उत्तरं सुरू झाली, एकदा तर ती एका मुलीला चावली. आईचेही हातपाय गळालेले. शेवटी ती शाळेत मोठ्या बाईंना जाऊन म्हणाली, "मारा, झोडा, पण वळण लावा." आईबाप किती सहज बोलून जातात हे! जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही. वेणीबद्दल मात्र ती अक्षरही बोलली नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, मोठ्या बाईंनी कात्री घेतली.

ठकी घरी आली ती डोक्याला स्वेटर गुंडाळून. आई तडक शाळेत गेली.

"तुम्हीच म्हणाला होतात ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. त्या काही राक्षसीण नव्हत्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "आणि अहो, केस काय, पुन्हा येतील."

"केस येतील, बाई. ती वेणी घालणारा कुठून येईल?"

मोठ्या बाईंनी टेबलाचा खण उघडला. पोरांकडून काढून घेतलेल्या चेंडू-शिट्ट्यांत ती वेणी पडली होती. वरचं टोक सुटत चाललं होतं. आईनं तिथेच ते दोऱ्यानं घट्ट बांधलं.

घरी ठकी भिंतीकडे तोंड करून बसली होती. चुकले गं बाळा, असं आईला म्हणायचं होतं. पण ती नुसतंच "ठकी" म्हणाली आणि डोक्यावरून फिरवायला तिनं हात उचलला.

ठकीनं डोळे गच्च मिटले आणि तळहात पुढे केला.

आईनं त्यावर वेणी ठेवली. "मीच सांगितलं होतं गं त्यांना," ती कशीबशी म्हणाली. "मीच."

ठकीची बोटं मिटली नाहीत. वेणी तळहातावर तशीच राहिली, आणि डोळे न उघडताच तिनं दुसरा हात पुढे केला.